बंद न झालेलं परमिट

"हे सातगोंडा मगदूम कोण?" मी विचारलं.

सुरक्षा विभागाच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. क्लार्क हुपरीकर कपाटाची किल्ली शोधायला लागले, आणि ती त्यांच्या हातातच होती. बॉयलर विभागाचे प्रमुख चौगुले आण्णा बशी तोंडाशी नेता नेता थांबले. माणसं अशी एकदम गप्प झाली की माझं डोकं फिरतं. मी पुण्याहून आले होते, काम उरकून मला परत जायचं होतं आणि मी एक साधा प्रश्न विचारला होता.

काम तसं किरकोळच होतं. सांगलीकडच्या त्या साखर कारखान्यात गळीत हंगामाआधी बॉयलरच्या पोटात शिरून दुरुस्त्या चालतात. कुणी नळ्या बदलतं, कुणी भट्टीच्या विटा लावतं. आत शिरणाऱ्यानं आधी परमिट काढायचं आणि बाहेर आल्यावर ते बंद करायचं. पूर्वी हे कागदावर चालायचं. आता कारखान्याच्या पोर्टलवर परमिटांची यादी होती आणि खिडकीशी अंगठ्याचं मशीन होतं. आत जाताना अंगठा, बाहेर आल्यावर पुन्हा अंगठा. माझ्याकडे शेवटचा तुकडा आला होता. बॉयलरमधली कुठली परमिटं अजून उघडी आहेत, हे त्या यादीला सारखं विचारत राहायचं आणि उत्तर बॉयलर हाउसच्या भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर दाखवायचं. यादीला विचारायच्या अशा प्रश्नाला आमच्यात क्वेरी म्हणतात. स्क्रीनवर शून्य आल्याशिवाय भट्टी पेटवायची नाही, असा नवा नियम झाला होता.

पहिल्यांदा क्वेरी चालवली तेव्हा भलीमोठी यादी आली. दुरुस्त्या जोरात होत्या, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. पण बाकी सगळी परमिटं त्या दिवशीची होती आणि सगळ्यात वरचं एक मे महिन्यातलं. नाव सातगोंडा मगदूम, ठिकाण बॉयलर दोन, भट्टीची पुढची बाजू. स्थिती उघडी.

चौगुले आण्णांनी बशी खाली ठेवली. "आमचा फिटर," ते म्हणाले. "आत गेलेला. शेजारचा बॉयलर वीज करायला चालू होता. मधला व्हॉल्व्ह नीट बसला न्हवता, वाफ आली."

 मी म्हटलं की मग ते परमिट बंद करून टाकायला हवं होतं. हुपरीकरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवघरात चपला घालून शिरले होते. मग आण्णांनी समजावलं. ज्यानं परमिट काढलं त्यानंच ते बंद करायचं, हा बॉयलरवरचा पहिला नियम. दुसऱ्याचं परमिट बंद करणं म्हणजे तो माणूस बाहेर आला, मी पाहिला, असं सांगणं. कागदाच्या काळातसुद्धा सख्ख्या भावानं भावाच्या परमिटवर सही केली नव्हती. सातगोंडाला बाहेर काढला तो चादरीत गुंडाळून, आणि नेला थेट मिरजेच्या दवाखान्यात. परमिट उघडंच राहिलं, आणि त्याला हात लावायला कुणीच धजावलं नव्हतं.

कार्यकारी संचालक शितोळे साहेबांना मात्र या भावनांशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून घेतलं. अग्निप्रदीपनाला चेअरमन येणार, सभासद येणार, पेपरवाले येणार. भट्टीत मशाल टाकतानाचा फोटो निघणार आणि मागे भिंतीवर मेलेल्या माणसाचं नाव झळकणार, हे त्यांना चालणार नव्हतं. मी म्हटलं, मग तुम्ही स्वतः बंद करा, तुम्हाला तेवढे अधिकार आहेत. साहेब टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. एवढा शिकलेला, फॉरेन रिटर्न माणूस, पण त्यांचाही हात धजला नाही.

"तुम्ही काहीतरी टेक्निकल करा ना," ते म्हणाले.

टेक्निकल करणं सोपं होतं. परमिट बंद करायचं नाही, खोडायचं नाही. क्वेरीत फक्त एक अट वाढवायची, की या नावाचं सोडून बाकीची उघडी परमिटं दे. म्हणजे ते यादीत राहील, पण स्क्रीनवर येणार नाही. साहेबांचा चेहरा उजळला. मलाही आपण फार हुशार आहोत असं वाटलं, तेव्हा ते वारंवार वाटायचं.

परमिटच्या खिडकीवर एक बाई बसायची. काळीसावळी, रुंद कपाळाची, कारखान्याची राखी साडी नीटनेटकी नेसलेली. येणाऱ्याचं नाव मशीनवर घ्यायची, अंगठा कसा टेकवायचा ते दाखवायची. सगळे तिला पद्माक्का म्हणत. दुपारी मी लॅपटॉप घेऊन तिच्या खिडकीमागे बसले, कारण कारखान्यात नेट नीट चालायचं ते तिथंच. बसल्या बसल्या मला दोन चहाची पिंपं दिसत होती. एक कायमच्या कामगारांचं आणि एक कंत्राटी लोकांचं. गेटसुद्धा वेगळं होतं. मी कारणं विचारली नाहीत, त्या भागात नवखी होते.

पद्माक्का मला म्हणाली, "मॅडम, तुमी त्यांचं नाव काढनार म्हंत्यात."

तेव्हा मला कळलं की ही सातगोंडाची बायको. अनुकंपेवर लागलेली. कुणीच मला सांगितलं नव्हतं याचा मला राग आला आणि लाजही वाटली. मी गडबडीनं सांगितलं की नाव काढत नाहीये, परमिट बंद करत नाहीये, फक्त ते दिसणार नाही अशी सोय करतेय.

"म्हंजे ते आत हाईत, पर कुनाला दिसायचं न्हाई."

"तसंच काहीसं."

"मग नवं काय केलं?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मी खुळी न्हाई मॅडम. मानूस गेला ते मला ठावं हाय. पर मला तोंड दाखवलं न्हाई त्यांनी. भाईर येताना बगितलंच न्हाई मी. तवा त्यो आत हाय का भाईर, ह्ये मी कसं सांगू? तुमी बंद करू नका, एवडंच माजं म्हननं."

मी मान हलवली आणि अट घातली. करायचं ते मी करणारच होते, फक्त तिच्या समोर करायला नको होतं. क्वेरी चालवली. मगदूम गायब, बाकीची नावं जागच्या जागी. पुन्हा चालवली, तेच. मी लॅपटॉप मिटला आणि जेवायला गेले.

परत आले तेव्हा बॉयलर हाउसमध्ये चार-पाच जण वर बघत उभे होते. भिंतीवरच्या स्क्रीनवर पहिलं नाव सातगोंडा मगदूम.

माझा पहिला विचार असा की स्क्रीन जुनंच उत्तर धरून बसलाय. असं होतं. तो बंद करून चालू केला, नाव गेलं. संध्याकाळी पुन्हा आलं. मी कोड उघडून ओळ न् ओळ वाचली. अट होती तिथंच होती. लॅपटॉपवरून तीच क्वेरी चालवली तर मगदूम येत नव्हता. तीच यादी, तोच प्रश्न आणि उत्तरं दोन. नाव लिहिताना एखादी जागा जास्तीची सुटली असेल म्हणून मी नावाऐवजी परमिटच्या क्रमांकावर अट घातली. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीचा भोंगा झाला आणि तो स्क्रीनवर हजर.

मग मी ते परमिटच उघडून पाहिलं. यादीतल्या प्रत्येक नोंदीत शेवटचा बदल कधी झाला आणि कुणी केला ते लिहिलेलं असतं. शेवटचा बदल त्याच सकाळचा, भोंग्याच्या वेळचा होता. बदल करणारा, सातगोंडा मगदूम.

मला भीती वाटली, सरळ सांगते. भर दिवसा, आजूबाजूला वेल्डिंगच्या ठिणग्या आणि शिव्या चालू असताना वाटली. कुणीतरी त्याचा पासवर्ड वापरतोय असं मी स्वतःला सांगितलं आणि ते खातं बंद करून टाकलं. पद्माक्काचा संशय आला म्हणून तिच्या खिडकीवर लक्षही ठेवलं. ती बिचारी दिवसभर लोकांचे अंगठे पुसून देत होती. तिचा संशय घेतल्याचं मला नंतर वाईट वाटलं.

दरम्यान यादी आटत चालली होती, कामं संपत होती. अग्निप्रदीपनाच्या आदल्या सकाळी तर ती एकदम निम्मी झाली. चौगुले आण्णा खूश झाले. आपली माणसं झपाट्यानं उरकतायत, म्हणाले. मीही खूश झाले, कारण मला घरी जायचं होतं. त्या दिवशी दुपारपासून मगदूमचं नाव आलं नाही. आपली अट अखेर लागू पडली असं मी धरून चालले. शितोळे साहेबांनी माझ्यासाठी पाहुण्यांच्या रांगेत खुर्ची ठेवायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी बॉयलर हाउस ओळखू येत नव्हतं. झेंडूची तोरणं, भट्टीच्या तोंडाशी रांगोळी, पुढे पाट मांडलेले. एक संचालक सपत्नीक पूजेला बसले होते. आत भुसा आणि लाकडं रचून तयार. बाहेर हलगी अशी कडकडत होती की शेजारच्यानं बोललेलं ऐकू येत नव्हतं. गुरुजींनी मुहूर्ताची वेळ दोनदा सांगितली. मशाल पेटली, चेअरमननी ती हातात घेतली.

नियमाप्रमाणे आधी चौगुले आण्णांनी वर पाहून आकडा मोठ्यानं सांगायचा होता. ते वर पाहून तसेच उभे राहिले.

स्क्रीनवर एक होतं. सातगोंडा मगदूम, बॉयलर दोन.

शितोळे साहेब माझ्याकडे ज्या गतीनं आले त्यावरून माझं बिल काही निघत नाही हे मला कळलं. मी मांडीवरचा लॅपटॉप उघडला आणि क्वेरी चालवली. शून्य. पुन्हा चालवली. शून्य. साहेबांनी ते पाहिलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. "सांगा त्यांना शून्य आहे म्हणून. आणि तो टीव्ही बंद करा कुणीतरी."

हलगी थांबली नव्हती. चेअरमन मशाल धरून अवघडले होते, गुरुजी घड्याळ बघत होते. आण्णा माझ्यासमोर येऊन वाकले. "मॅडम, क्वेरी तुमची. तुमी सांगा. किती?"

माझ्यासमोर शून्य होतं. मी लिहिलेलं, तपासलेलं शून्य. ते म्हटलं असतं तर कुणीही मला दोष दिला नसता. पण मी मान वर करून स्क्रीन पुन्हा वाचला आणि या वेळी नावाच्या पुढचं वाचलं. इतके दिवस मी त्या नोंदीतलं ठिकाण पाठ केलं होतं. भट्टीची पुढची बाजू. आता तिथं लिहिलं होतं, भट्टीची मागची बाजू.

"एक," मी म्हणाले.

शितोळे साहेब काहीतरी बोलले, ते हलगीत बुडालं. आण्णांनी माझ्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं. मग त्यांनी चेअरमनच्या हातातली मशाल सरळ काढून घेतली आणि वाळूच्या बादलीत खुपसली. जमलेल्यांतून एक मोठा उसासा आला. मुहूर्ताची मशाल विझणं म्हणजे काय हे मला सांगायची गरज नव्हती. आण्णा मागच्या बाजूला धावले आणि त्यांच्यामागे दोन फिटर. हात वर करून त्यांनी हलगी बंद करवली.

आणि शांत झाल्यावर आम्हाला सगळ्यांना ते ऐकू आलं. आतून विटेवर लोखंड आपटत होतं, अगदी सावकाश, दमलेल्या हातानं.

मागच्या मॅनहोलच्या, म्हणजे आत शिरायच्या भोकाच्या, झाकणाचे बोल्ट काढायला जो वेळ लागला तो मी आयुष्यात विसरणार नाही. मी तिथंच बसून होते आणि माझे हात आपोआप चालत होते. क्वेरीतल्या सगळ्या अटी मी काढून टाकल्या. यादीत काय काय आहे ते सगळं दे, आतलं, बाहेरचं, कोपऱ्यातलं. तेव्हा मला दिसलं की यादीच्या आत एक फोल्डर केलेला आहे. मी आले तेव्हा तो नव्हता. त्याचं नाव होतं 'कंत्राटी'. अशा यादीत फोल्डर केला की क्वेरी वरच्यावर बघून परत येते. फोल्डरच्या आतही बघ, असं तिला वेगळं सांगावं लागतं. मी फोल्डर उघडला. पंचवीसेक नावं, सगळी बंद, आणि खाली एकच उघडं. यल्लाप्पा वडर, गवंडी. बॉयलर दोन, भट्टीची मागची बाजू.

हुपरीकर माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "परवा साहेब म्हणाले, स्क्रीनवर आपली माणसं आणि कंत्राटी सरमिसळ दिसतात, बरं दिसत नाही," ते पुटपुटले. "म्हणून मी काल सकाळी त्यांना वेगळं ठेवलं. त्यांचं सगळं वेगळंच असतं ना इथं."

 मी लॅपटॉप तसाच खुर्चीवर टाकून मागे पळाले.

यल्लाप्पाला बगलेत हात घालून बाहेर काढलं तेव्हा तो भुऱ्या धुळीनं माखलेला होता. पन्नाशीचा, विजापूरकडचा माणूस. मुकादमानं आपली माणसं बाहेर काढताना डोकी नीट मोजली नव्हती. हा एका वळणाआड शेवटच्या विटा बसवत होता. आदल्या संध्याकाळी दिव्याची वायर ओढली गेली, झाकण बसलं. रात्री तिथं कुणी नव्हतं आणि सकाळी बाहेर हलगी सुरू झाली. त्यानं हाका मारल्या, थापी आपटली, कुणाला ऐकू गेलं नाही. त्याला पाणी दिलं. एक घोट घेऊन त्यानं तांब्या बाजूला सारला आणि मॅनहोलकडे बोट दाखवलं.

"आत अजून एकजन हाय," तो म्हणाला. "त्येला काडा."

आण्णांनी मुकादमाकडे पाहिलं. मुकादमानं मान हलवली, त्याचं दुसरं कुणी नव्हतं. तरी एक फिटर बॅटरी घेऊन आत गेला, सगळीकडे फिरून बाहेर आला आणि कुणीच नाही म्हणाला.

यल्लाप्पा चिडला. "म्या काय खोटं बोलाय लागलोय? रातभर माज्यापाशी बसला त्यो. म्या रडाय लागलो तर म्हनाला, रडू नगं, थापी आपट. म्या म्हनलं, आपन दोघं बी आपटू. तर म्हनाला, तू आपट. तुला हुडकाय कोन येनार न्हाई, तुजं नाव त्यांच्यात दिसत न्हाई. माजं लागलंय नाव, माज्यासाटी उगडत्याल. उगडलं की तू हो फुडं."

शितोळे साहेब तोवर मागे आले होते. त्यांनी हे ऐकलं आणि डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

पद्माक्का गर्दीतून पुढे आली. कधी आली ते मी पाहिलं नाही. तिनं मॅनहोलच्या कडेला हात टेकले, वाकून आत तोंड घातलं आणि घरात जेवायला बोलवावं तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "अवो, त्यो आला भाईर. आता तुमी या."

ती तशीच वाकून राहिली. माणसाला आतून सरपटत येऊन कडा धरायला लागतो, तेवढा वेळ. मग ती उभी राहिली आणि एक पाऊल बाजूला सरकली. ते पाहून आण्णा मागे झाले, मग फिटर मागे झाले, मग आम्ही सगळेच, आणि मॅनहोलपासून दारापर्यंतची वाट मोकळी झाली.